टाचण वही साहेबांसाठी की आपल्यासाठी?

सुरंगी (धागाकर्ती)

यंदा जूनमध्ये आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, तीन नवे शिक्षणसेवक रुजू झाले. दोघे मराठवाड्यातले, एक सांगलीकडची. इथला कोकणातला पाऊस बघूनच बिचारे अर्धे गारठले होते. पहिल्याच शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी तिघांचाही प्रश्न एकच निघाला: "ताई, मुलं ऐकतच नाहीत. वर्ग ताब्यात कसा ठेवायचा?" त्यावर जमलेल्यांनी ठेवणीतले उपाय सांगितले. आवाज चढवा. पहिले दोन महिने हसूच नका. एकाला पुढे उभा करा, बाकीचे आपोआप गप्प बसतात.

मी त्यातल्या एकाला विचारलं, उद्या पहिल्या तासाला काय घेणार? "अपूर्णांक." अपूर्णांकातलं काय? "म्हणजे... धडा चालू आहे, त्यातलं पुढचं."

माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे बाईंना माहीत नसलं की पोरांना ते पाच मिनिटांत कळतं. मग खालच्या बाकावर पेन्सिलींची अदलाबदल सुरू होते, आणि आपण म्हणतो वर्ग वांड आहे. उलट, आज मुलांना कुठवर न्यायचं आहे, वाटेत ती कुठे अडखळणार आणि तेव्हा आपण काय विचारणार, एवढं डोक्यात लख्ख असलं तर आवाज चढवावा लागत नाही. आत्मविश्वास हा स्वभावाचा भाग आहे असं आपण धरून चालतो. मला तो निम्म्याहून जास्त आदल्या रात्रीच्या तयारीचा भाग वाटतो.

आता टाचणाबद्दल, म्हणजे तासाआधी लिहून ठेवायच्या पाठाच्या आराखड्याबद्दल. माझ्याकडे दोन टाचणं असतात, हे उघड सांगते. एक रकाने आखलेलं: घटक, उपघटक, उद्दिष्ट, अध्ययन अनुभव, साहित्य, मूल्यमापन. ते तपासणीला जातं. दुसरं माझ्यापुरतं, पाठकोऱ्या कागदाचं अर्धं पान. त्यावर तास संपताना मुलाला काय करता आलं पाहिजे ते एका वाक्यात असतं, पहिला प्रश्न शब्दशः लिहिलेला असतो, मुलं कुठे चुकतील त्याचा अंदाज असतो, आणि वेळ कमी पडला तर काय गाळायचं तेही. बस.

नुसतं सांगून पटत नाही, म्हणून सहावीचा अपूर्णांकांच्या गुणाकाराचा एक तास सांगते.

आमच्या गावात निम्म्या घरांतून होडी नाहीतर निदान पाग (हाताने फेकायचं जाळं) तरी आहे. घरची म्हातारी माणसं घड्याळाकडे न बघता भरतीची वेळ सांगतात. हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, त्यातली पाऊणकी इथे घरोघर अजून जिवंत आहे, फक्त मुलांना ती गणित म्हणून ओळखू येत नाही.

अर्ध्या पानावर पहिलं वाक्य: "कोणतीही तिथी दिली की मूल तिला तीन चतुर्थांशाने गुणेल आणि उत्तर तास-मिनिटांत सांगेल." आदल्या दिवशी मुलांना काम: घरच्या कॅलेंडरात उद्याची तिथी बघून या आणि आजोबांना भरतीची वेळ विचारून या. तासाचा पहिला प्रश्न: "आजोबांनी ती वेळ कशी काढली?" इथून वर्ग आपोआप धावतो.

अडखळण्याची जागा मला आधीच दिसत होती. पाच गुणिले तीन चतुर्थांश, पंधरा चतुर्थांश, म्हणजे तीन पूर्णांक तीन चतुर्थांश. इथवर हुशार मुलं सरसर येतात आणि पुढे लिहितात "३ वाजून ३४ मिनिटं". दशांश जमणारा एखादा लिहितो "३ वाजून ७५ मिनिटं". म्हणून पुठ्ठ्याचं घड्याळ टेबलाखाली तयार ठेवलेलं. उत्तर चूक आहे असं म्हणायचंच नाही. घड्याळ बाहेर काढायचं आणि विचारायचं, "मोठा काटा पंचाहत्तरावर ठेवून दाखव." पोरगं काटा फिरवत बारापाशी येतं, पुढे जातं आणि स्वतःच थांबतं. मग दुसरा प्रश्न: तासाचे चार सारखे भाग केले तर एक भाग किती मिनिटांचा?

आणि एक प्रश्न कुणीतरी हमखास विचारतं: "बाई, पुनवेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, पण भरती तर बाराच्या सुमाराला असते!" यासाठीच सगळा खटाटोप. तीस तिथींमध्ये भरतीची वेळ फिरून पुन्हा तिथेच येते, म्हणजे चोवीस तास पुढे सरकते. चोवीस तासांचे तीस भाग केले तर एका तिथीला ४८ मिनिटं. आजोबा धरतात ४५, कारण पाऊण तोंडी करायला सोपा. तिथीमागे तीन मिनिटं सुटतात, पंधरा तिथींत पंचेचाळीस. सव्वाअकरात पाऊण तास मिळवा, झाले बारा. मुलांनी हे फळ्यावर स्वतः करून बघितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आता समजा, हे उत्तर आपल्यापाशी तयार नसेल तर आपण काय म्हणतो? "ते राहू दे, पुस्तकातलं उदाहरण कर." वर्ग निसटतो तो अशा वेळी.

तर प्रश्न असा: तुम्ही टाचण कसं लिहिता? कुणासाठी लिहिता? आणि वर्गात त्याचा खरंच उपयोग होतो का? खरं काय ते लिहा, इथे केंद्रप्रमुख नाहीत. (असलेच तर त्यांनीही लिहावं.)


फणसपोळी

तिथीची पाऊणपट! माझी आजी हे करायची आणि आम्हाला वाटायचं तिला समुद्र कानात सांगतो. वाचनखूण साठवली आहे.


खाडीपलीकडे

सुरंगीताई, पाठ झकास. पण जमिनीवर या जरा. मी द्विशिक्षकी शाळेत आहे. रकान्यांचं टाचण लिहायचं, पोषण आहाराची नोंद ठेवायची, ऑनलाइन माहिती भरायची (रेंज सड्यावर गेल्याशिवाय मिळत नाही), आणि वर तुमचं हे अर्धं पान. दिवसाचे तास किती? परिणामी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्हॉट्सअॅपवर टाचणांच्या पीडीएफ फिरतात, जून ते एप्रिल, रेडीमेड. तारीख बदलायची, वहीत उतरवायचं, सही घ्यायची. माझ्या ओळखीत एकाच्या वहीत "परिसरातील ऊसतोड कामगारांची मुलाखत घेणे" असा उपक्रम होता. शाळा बंदराला लागून!


सुरंगी

खाडीपलीकडे, ऊसतोड वाचून फुटले. :D

वेळेचं म्हणणं मान्य. पण एक गोष्ट आपण विसरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जी अनुसूची जोडलेली आहे, तिच्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत आणि ते "तयारीच्या तासांसह" आहेत. म्हणजे पाठाची तयारी ही घरी जाऊन करायची हौस नव्हे, ती कामाच्या तासांतली आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असं आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते तुम्हीही जाणता, मीही. पण वेळ मागायचा तर तो या मुद्द्यावर मागता येतो.

आणि अर्धं पान रोज सगळ्या तासांचं लिहीत नाही हो. दिवसातला एक तास निवडते, जो अवघड आहे तो. कवितेच्या चालीला टाचण कशाला?


जुनाटमास्तर

धागा पाहून राहवलं नाही. मी निवृत्त मुख्याध्यापक, मालवण तालुका. आमच्या डी.एड.च्या काळी सराव पाठ म्हणजे लग्नघर असायचं. तक्ते रंगवा, खडूचे तुकडे मोजा, पाठाच्या आदल्या रात्री खोलीतल्या पार्टनरला विद्यार्थी करून बसवा. टाचण हर्बार्टच्या पंचपदीवर: प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, नियमन, उपयोजन. हर्बार्ट जर्मन, एकोणिसाव्या शतकातला. त्याने मांडल्या होत्या चारच पायऱ्या. त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्यांच्या पाच केल्या, आणि त्या पाच आमच्या मानगुटीवर बसल्या. प्रस्तावनेत तीन प्रश्न विचारायचे, तिसऱ्याला मुलांना उत्तर येता कामा नये, मग हेतुकथन करायचं: "आज आपण अमुक शिकणार आहोत." मुलांना हा खेळ इतका पाठ झालेला असे की तिसऱ्या प्रश्नाला ती इमानदारीत गप्प बसत. एकदा एकाने चुकून उत्तर दिलं तर पाठ घेणाऱ्या पोराच्या तोंडचं पाणी पळालं, कारण पुढचं सगळं टाचण त्या न आलेल्या उत्तरावर उभं!

सांगायचं ते हे की टाचण घट्ट असलं तरी माणूस आत्मविश्वासाने शिकवेलच असं नाही. त्या पोराकडे टाचण होतं, पण "मुलांना हे आधीच येत असेल तर?" हा विचार त्यात नव्हता. सुरंगीबाईंच्या अर्ध्या पानावर नेमका तो आहे, म्हणून मला ते आवडलं.

आता दुसरी बाजू. आमच्या वेळचे गणिताचे एक गुरुजी टाचण वही पेटीत ठेवून फक्त तपासणीला काढायचे. वर्गात हातात खडू सोडून काही नसे. शिकवणं मात्र असं की भूमितीचा तास संपूच नये वाटे. त्यांना काय म्हणाल?


सुरंगी

गुरुजी, नमस्कार. त्यांनी तीच भूमिती किती वर्षं शिकवली होती? त्यांचं टाचण डोक्यात छापलेलं होतं, इतकंच म्हणेन. पहिल्या वर्षीची त्यांची वही मिळाली तर वाचायला आवडेल. नवा शिक्षक त्यांचं बघून "टाचण नसलं तरी चालतं" हे शिकतो आणि नको तेवढंच उचलतो.


अबोली

मला हा सगळा सूरच जरा जुना वाटतोय, माफ करा. आपण गेली कित्येक वर्षं ज्ञानरचनावाद म्हणतोय. मूल स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, शिक्षक सुलभक. आणि इथे बाई घरून ठरवून येणार की मूल कुठे चुकणार, तेव्हा काय विचारायचं आणि शेवटी कुठे पोचायचं! मग मुलाने रचायचं काय? माझ्या वर्गात मी साहित्य मांडते, मुलं गटात बसतात, आणि तास कुठे जाईल ते त्यांच्यावर सोडते. कधी कधी अप्रतिम काहीतरी निघतं.


खाडीपलीकडे

आणि कधी कधी?


अबोली

कधी कधी काड्यांची तलवारबाजी निघते. कबूल.


लाटा_मोजणारी

अबोली, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो नियोजनाच्या विरोधात जात नाही. उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं घेऊ. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ तिथेच त्यांच्या कामात आल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. तर शाळाच गुरांमागे कुरणात नेली. कुरणशाळा. मुलाला पूर्ण मोकळीक. पण जरा डोळ्यांसमोर आणा: माळरानावर, भिंत नाही, फळा नाही, अर्धं लक्ष गुरांकडे असलेली मुलं. तिथे जाऊन "बघू काय निघतंय" म्हणून चालेल? शंख, बिया, पानं, खडे यांतून आज मोजणं घ्यायचं की आकार, हे ठरवूनच बाईंना निघावं लागणार. ताराबाई माँटेसरी पद्धतीतून आलेल्या. त्या पद्धतीत मुलाला स्वातंत्र्य असतं ते तयार करून ठेवलेल्या वातावरणात. वातावरण तयार करणारं कुणीतरी असतंच, आणि ते मुलं यायच्या आधी तयार झालेलं असतं.

मुलांवर सोडण्याचा तासही आखावा लागतो. किंबहुना तोच जास्त.


अबोली

हं. कोसबाडचा मुद्दा लागला. तरी मला अजून वाटतं की "तास संपताना काय आलं पाहिजे" ते वाक्य आधी लिहून ठेवलं की शिक्षक मुलांना तिकडे ओढत नेतो. यावर विचार करतेय.


घाटावरचा

मी धाग्यातल्या त्या तिघांपैकीच एक असू शकतो. :) लातूरकडचा, पहिलंच वर्ष, तिसरी-चौथी एकत्र. नियोजन करून जातो, खोटं नाही सांगत. घोळ वर्गात होतो. मी सूचना देतो आणि दोन मिनिटांत चौघे जण उठून विचारायला येतात "गुर्जी, काय करायचाय?" माझी बोली त्यांना कळत नाही की मला सांगताच येत नाही? भाषेचंही आहेच. पुस्तकात पठार आहे, यांच्याकडे सडा. पुस्तकात ओढा, यांच्याकडे पऱ्या. मी "ओढा" म्हटलं तर एकाने बाकच ओढला.


सुरंगी

घाटावरचा, सर्वप्रथम त्या बाक ओढणाऱ्याला माझ्याकडून एक खडीसाखर द्या. त्याने सूचना ऐकली आणि तंतोतंत पाळली!

शब्दांचं सोपं आहे. धडा आदल्या दिवशी वाचून गावातल्या कुणाला, नाहीतर चौथीतल्याच एखाद्या चुणचुणीत मुलीला विचारा, याला तुम्ही काय म्हणता. समासात लिहून ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर फारसं विचारावं लागणार नाही.

सूचनेचं मात्र नीट बघायला हवं. तुम्ही वर्गात काय बोलता ते जसंच्या तसं आठवून इथे लिहा बरं.


घाटावरचा

साधारण असं: "चला, वह्या काढा, तारीख घाला, चौथीने पान बत्तीस उघडा, दुसरं आणि तिसरं उदाहरण सोडवा, झालं की शेजाऱ्याची वही तपासा, तिसरीवाल्यांनी पाढे लिहा, आणि गडबड करू नका, समजलं का?" मग सगळे "होSSS गुर्जी" म्हणतात.


सुरंगी

मोजा. एका दमात सात हुकूम, दोन वर्गांना, आणि शेवटी असा प्रश्न ज्याला "हो" शिवाय उत्तरच नाही. "समजलं का"ला आलेला "होSSS" हा आवाज आहे, उत्तर नव्हे.

मी काय करते ते सांगते. आधी तिसरीला काम लावून मोकळं करते, कारण त्यांचं काम एका वाक्याचं आहे. "तिसरी, सातचा पाढा वहीत दोनदा." थांबायचं. खरंच थांबायचं, तोंड मिटून, सगळ्या पेन्सिली हलायला लागेपर्यंत. हे पंधरा-वीस सेकंद नव्या शिक्षकाला जन्मासारखे वाटतात, म्हणून तो बोलत सुटतो. मग चौथीकडे वळायचं: "पान बत्तीस." पान उघडलेलं दिसल्याशिवाय पुढचा शब्द नाही. "दुसरं उदाहरण." मग "समजलं का" ऐवजी एकाला नाव घेऊन: "तू आता काय करणार आहेस?" त्याने सांगितलं की वर्गाने दुसऱ्यांदा ऐकलं, तेही त्यांच्याच बोलीत. शेजाऱ्याची वही तपासणं ही सूचना आत्ता द्यायचीच नाही. उदाहरण झाल्यावर द्यायची.

सूचना द्यायच्या आधी तुमच्या मनात ती चार शब्दांत बसलेली हवी. ती बसली नसेल तर तोंडातून चाळीस शब्द येतात. म्हणून मी अवघड सूचनाही अर्ध्या पानावर लिहिते, वाक्यासकट.


बंदर_रोड

बी.एड. कॉलेजात शिकवतो म्हणून थोडी भर. सुरंगीताईंनी "थांबायचं" म्हटलंय त्यावर जुनं आणि चांगलं काम झालेलं आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते, मग स्वतःच बोलत किंवा दुसऱ्याला विचारत. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

तीन सेकंद! आमचे छात्राध्यापक सूक्ष्म अध्यापनात एवढं करायलाही घाबरतात. (सूक्ष्म अध्यापन १९६०च्या दशकात स्टॅनफर्डला सुरू झालं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, मोजकी मुलं, एका वेळी एकच कौशल्य. कल्पना उत्तम आहे. आपण तिचं प्रमाणपत्रापुरतं नाटक केलं, ही वेगळी गोष्ट.) शांतता म्हणजे आपली फजिती असं त्यांना वाटतं. ज्याला पुढचा प्रश्न ठाऊक आहे तोच निर्धास्त थांबू शकतो, म्हणजे गाडी पुन्हा नियोजनावरच येते.


नस्तं_खूळ

मी मास्तर नाय, होडयेर असतंय. भाचीन ह्या वाचूक दिल्यान. भरतीचो हिशोब बरोबर आसा बाईनू, पण एक सांगतंय. ह्यो हिशोब खाडयेच्या तोंडाशी. आत गेलास की पाणी उशिरा चढता. बंदरार भरती पुरी झाली तरी वरच्या धक्क्यार अजून चढतच असता. आणि उधाणाचा पाणी येगळा, भांगाचा येगळा. अष्टमीक सहा वाजता भरती येतली, पण ती पुनवेच्या भरतीवांगडा उंच नसतली. पोरांका ह्यापण सांगा.


सुरंगी

दादा, दंडवत! आमच्या वर्गातली काही मुलं खाडीच्या आतल्या वाडीतून येतात. त्यांच्या आजोबांनी सांगितलेली वेळ आणि बंदराकडच्या मुलांची वेळ का जुळत नाही, हा प्रश्न पुढच्या वर्षी अर्ध्या पानावर चढला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाळी विणायला घरी असाल तर आमच्या शाळेत एक तास द्याल का? मुलं तुम्हाला प्रश्न विचारतील ते मात्र आधी ठरवून ठेवीन. पाहुणा बोलावला आणि मुलं नुसती बघत बसली, असं फार वेळा होतं.


नस्तं_खूळ

येतंय. जाळा घेवनच येतंय.


खाडीपलीकडे

सगळं पटतंय, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. नियोजन कोलमडतं त्याचं काय? परवा माझा सहकारी प्रशिक्षणाला गेला आणि पहिली ते चौथी माझ्या गळ्यात. वर पाऊस असा की पत्र्यावर माझाच आवाज मला ऐकू येईना. गणपतीच्या आधी आठवडाभर मुलांचं चित्त मखरात, शिमग्याला पालखी वाडीत आली की हजेरी निम्मी. वार्षिक नियोजनात हे दिवस "अध्यापन" म्हणूनच धरलेले असतात.


जुनाटमास्तर

वार्षिक नियोजन पुण्याच्या पावसावर आखलं तर असंच व्हायचं. मी मुख्याध्यापक असताना जूनमध्येच कॅलेंडर घेऊन बसायचो आणि शिमग्याच्या आठवड्यात नवीन घटक सुरूच करायचा नाही असं ठरवायचो. उजळणी, तोंडी काम, वाचन. अर्धी मुलं नसली तरी नुकसान नाही. गणपतीला आपल्याकडे सुट्टी मोठी. त्याआधी घटक संपवायचा. मध्यावर सोडलेला भागाकार गणपतीनंतर पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो, हा माझा अनुभव.


चार_वर्ग_एक_खोली

खाडीपलीकडे, चार वर्ग गळ्यात पडण्याचं मला नवीन नाही, माझं रोजचंच आहे. एक सांगते. सगळ्यांना एका वेळी शिकवायचा प्रयत्न सोडा. माझ्या कागदावर चार उभ्या रेघा असतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे आडवे कप्पे. प्रत्येक आडव्या कप्प्यात एकाच वर्गापुढे "मी" असं लिहिलेलं असतं. बाकी तिघांपुढे त्यांचं काम, असं की ज्यात मला विचारायला यावं लागणार नाही. "न विचारता करता येईल असं काम" शोधणं ही या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, आणि ते ऐन वेळी सुचत नाही. मी एका डब्यात कार्डं करून ठेवली आहेत, मागच्या बाजूला उत्तर. पत्र्यावर पाऊस कोसळला की बोलणं बंद, डबा उघडा.

बाकी, आवाज. चार वर्गांत मी मोठ्याने बोलले तर तिघांचं काम मोडतं. त्यामुळे हळू बोलायची सवय लागली, आणि मुलंही ऐकायला जवळ सरकतात.


अबोली

विचार करून आले. सुरंगीताईंच्या पद्धतीने या आठवड्यात दोन तास करून बघितले, एक परिसर अभ्यासाचा आणि एक गणिताचा. गणितात फरक जाणवला, मान्य. परिसर अभ्यासात मात्र मला ते तास संपतानाचं वाक्य नकोसंच झालं. मुलं कातळावरच्या फुलांवरून कीटकांकडे गेली, तिथून कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्याकडे, आणि मी त्यांना परत फुलांवर आणलं असतं तर पाप लागलं असतं. तेव्हा गणित-भाषेला अर्धं पान, बाहेर फिरायला गेलो तर फक्त पहिला प्रश्न, अशी माझी तडजोड.


सुरंगी

कुंभारणीच्या घरट्यासाठी मीही फुलं सोडली असती. मागे आणलं नाहीत ते बरं केलंत. पण घरट्यात काय असतं, मुलांनी विचारलं तेव्हा तुम्हाला उत्तर माहीत होतं ना? की त्यात तिने बेशुद्ध केलेल्या अळ्या पिल्लांसाठी कोंबलेल्या असतात? बघा, तयारी वेगळ्या जागी लागली, इतकंच.


घाटावरचा

आजचा रिपोर्ट. तिसरीला आधी काम लावलं, मग गप्प उभा राहिलो. एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, तुमका बरा नाय काय?" :) पण चौथीतून उठून कुणी आलं नाही. उद्यापासून तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचंय. अर्धं पान लिहायला बसलोय. काही सांगाल?


सुरंगी

त्यावर वेगळा धागा काढा, पानं भरतील. आजच्यापुरतं: ६१२ भागिले ६ सारखं, उत्तरात मध्ये शून्य येणारं उदाहरण पहिल्या दिवशी अजिबात देऊ नका. मुलं १२ लिहितील आणि ठाम असतील. ते चौथ्या दिवशीसाठी राखून ठेवा आणि त्या दिवशी भागाकार करण्याआधी विचारा, "सहाशे बारा काजू सहा जणांत वाटले तर एकाला शंभराहून कमी येतील का जास्त?" पुस्तकातली उदाहरणं आज रात्री स्वतः सोडवून बघा. असं शून्याचं उदाहरण तुमच्या पहिल्याच स्वाध्यायात बसलेलं नाही ना, ते तपासा.